दिलदारचा रंग

मंगळवार पेठेत रंगीत टीव्ही मोजक्याच घरांत पोचला होता, पण सुलतानबींच्या टीव्हीचा तोरा काही औरच. त्यांचा दिलदार मस्कतला वेल्डर. मागच्या सुट्टीत त्यानं तो आणला, तोही मुंबईपासून एस्टीत त्याचं वेगळं तिकीट काढून, खिडकीशेजारी बसवून. सुलतानबींनी त्याच्यासाठी जरीकाठाचं आच्छादन शिवलं. सुनेला लग्नात एवढं नटवलं नव्हतं म्हणून शेजारणी चेष्टा करायच्या आणि सुलतानबींना ती चेष्टा मनापासून आवडायची.

अशा टीव्हीत बिघाड झाला म्हटल्यावर त्यांनी तातडीनं सयाजी मेकॅनिकला बोलावणं धाडलं.

झालं होतं असं, की मुरगूडचा सिकंदरही मस्कतलाच कामाला; तो सुट्टीवर येताना दिलदारची व्हिडिओ कॅसेट घेऊन आला होता. ईदच्या दिवशी मस्कतच्या खोलीत कुणीतरी काढलेली. सुलतानबींनी भावाच्या घरून व्हीसीआर मागून आणला, सून मलिकाला शेजारी घेतलं आणि हौसेनं बघायला बसल्या. पडद्यावर दिलदार आला तो हळद लावल्यासारखा पिवळा.

सयाजी आला तेव्हा संध्याकाळचे कार्यक्रम सुरू व्हायचे होते. पडद्यावर नुसते रंगांचे उभे पट्टे लागले होते. त्यानं डोकं तिरकं करून ते बघितले.

"पट्टं तर चोख हाईत, चाची. कॅसेट लावा बघू."

कॅसेट लागली. दिलदार पांढरा शर्ट घालून खाटेवर बसला होता, शेजारी मलकापूरचा कुणी मित्र. "अम्मा, मी बरा हाय. खाणंपिणं झ्याक हाय," दिलदार म्हणाला आणि हसला.

सयाजी एरवी तोंडाचा पट्टा चालवणारा गडी. तो आता पडद्याला नाक लावून बघायला लागला. कॅसेट मागं घेऊन त्यानं पुन्हा बघितली.

"चाची, शर्ट पांढरा दिसतोय न्हवं? भिंत बी पांढरी. शेजारच्या पावण्याचं त्वांड बघा, बराबर हाय."

"मग?"

"मग टीव्हीत काय बी न्हाय." त्याचा आवाज खाली आला. "दिलदारच पिवळा झालाय. डोळं बी बघा. कावीळ असंल न्हायतर आणि काय. तार करा, बलवून घ्या त्येला."

सुलतानबी मनातून घाबरल्या, पण तोंडातून बाहेर पडला तो संताप.

"तू टीव्हीवाला हाईस का डाक्टर? माझ्या पोराचा रंग मला ठावं न्हाय व्हय? न्हाऊ घातलंय मी त्येला! जमत न्हाय म्हणून सरळ सांग की!"

"अम्मा, तार करू या की," मलिका दाराआडून म्हणाली.

"गप बस तू. काम सोडून धावत यील पोरगं, आन् हितं बघंल तर काय? टीव्ही बिघडलाय!"

आता त्यांच्याशी कोण वाद घालणार? सयाजीनं मागचं झाकण काढलं आणि निळा रंग वाढवायचा स्क्रू हळूहळू फिरवायला घेतला. दिलदारचा पिवळेपणा उतरत गेला. भिंत निळसर झाली, मलकापूरचा मित्र गारठल्यासारखा निळा पडला, पण दिलदार मात्र घर सोडताना होता तसा दिसायला लागला.

"शर्टाला नीळ जास्त झाल्यागत वाटतीया," सयाजी पुटपुटला.

"हूं दे. मी बी त्येच्या शर्टाला जास्तच घालत हुते," सुलतानबी म्हणाल्या आणि कितीतरी वेळानं हसल्या. सयाजीनं पिशवी उचलली. चहाला काही तो थांबला नाही.

त्या दिवसापासून टीव्हीतलं सगळं जगच निळं झालं. बातम्या सांगणारी बाई निळी, तिच्या टेबलावरची फुलं निळी. कुणी विचारलं तर सुलतानबी दूरदर्शनवाल्यांना नावं ठेवायच्या. त्यांना कळत नव्हतं असं मुळीच नाही. बातम्या लागल्या की त्या नजर दुसरीकडे वळवायच्या आणि कॅसेट लावली की टक लावून बघायच्या. आईच्या मायेनं एवढं आंधळं व्हावं याचा राग येतो, आणि राग पुरता येण्याआधीच रडू येतं.

मग एक दिवस मस्कतहून तार आली. दिलदार तिथल्या दवाखान्यात वारला होता. लिव्हर पार खराब झालं होतं. मातीही तिकडंच दिली होती.

दफनाआधी मय्यतीच्या तोंडावरचं कापड बाजूला करून घरच्यांना चेहरा दाखवतात. त्याला आखरी दीदार म्हणतात. सुलतानबींच्या नशिबी तेवढंही आलं नाही. त्या रडल्याही नाहीत. मलिका तर तार आल्यापासून त्यांच्याशी एक अक्षर बोलली नव्हती.

पै-पाहुणे परतल्यावर सुलतानबींनी सयाजीला बोलावून घेतलं. तो उंबऱ्याशीच अवघडून उभा राहिला.

"पिशवी आणलीस न्हवं? त्यो स्क्रू मागं फिरव."

"चाची, आता कशाला त्ये..."

"फिरव म्हंते न्हवं! जसा हुता तसा दाव मला. पोराचं दीदार करायचं हाय."

सयाजीनं झाकण काढलं. मग स्क्रू हळूहळू मागं फिरवला. मलिका येऊन भिंतीला टेकून बसली. पडद्यावरची भिंत पांढरी झाली, मित्राच्या तोंडावर तजेला आला, शर्टातली नीळ निघून गेली आणि दिलदार पिवळा झाला.

"अम्मा, मी बरा हाय. खाणंपिणं झ्याक हाय."

सुलतानबी सरकत सरकत पडद्यापाशी गेल्या. पदरानं त्यांनी काच पुसली, दिलदारचं तोंड होतं तेवढीच. मग त्यांचा बांध फुटला.

"डोळं बी पिवळं हाईत की गं, मलिका!"

"व्हय, अम्मा," मलिका म्हणाली. "मला पयल्याच दिवशी दिसलं हुतं."