अनुपचा टाळ

मोहाडीजवळच्या त्या गावात कार्तिकातल्या काकडआरतीला सगळ्यांच्या आधी यायचा तो अनुप. चोवीस वर्षांचा. बौद्धिक अपंगत्व जन्मापासूनचं, शब्द मोजके. पण टाळाचा ठेका असा, की विठ्ठलानेही मान डोलवावी!

त्या पहाटे मात्र त्याने टाळ खाली ठेवला अन् खांबाला टेकून कण्हू लागला.

"रुसला असंल. त्याचं होते असं," आई तुळसाबाई म्हणाली. पण दुपारी त्याने ताटही लोटलं, तेव्हा कीर्तनकार ईश्वर महाराज दोघांना दवाखान्यात घेऊन गेले.

डॉक्टरांनी पोटाला हात लावताच अनुपने तो झटकला.

"या मुलांचं असंच असतं, आई. तपासू देत नाहीत. शांत राहायची गोळी देतो."

तुळसाबाईने सवयीने चिठ्ठीसाठी हात पुढे केला.

"थांबा जी!" महाराज म्हणाले. "डॉक्टरसाहेब, माझं पोट दुखलं असतं तं मलेबी असंच झोपवलं असतं का?"

"तुम्ही सांगू शकता, महाराज."

"तोबी सांगते. तुम्ही त्याले विचारलं कुठं? आल्यापासून त्याच्या मायलेच विचारून राहिले!"

महाराजांनी झोळीतला टाळ अनुपच्या हाती दिला. "बेटा, साहेब हात लावतीन. दुखलं तं वाजव. नाही दुखलं तं चूप."

डॉक्टर हसले, पण खुर्ची ओढून बसले. "अनुप, हात लावू?"

अनुपने होकाराची मान हलवली. डावीकडे दाबलं. टाळ गप्प. वर दाबलं. गप्प. उजवीकडे खाली बोटं टेकली, अन् खणकन टाळ वाजला! पुन्हा तिथेच, पुन्हा खणकन!

डॉक्टरांचं हसू मावळलं. "अपेंडिक्स वाटतंय. भंडाऱ्याला आत्ताच न्या, मी फोन करतो." मग ते अनुपकडे वळले. "चुकलो मी, अनुप."

"माया लेकरानं आपलं दुखणं आपण सांगतलं जी!" तुळसाबाईचे डोळे वाहत होते, अन् मान ताठ होती.

ऑपरेशन वेळेवर झालं. पुढे काल्याच्या कीर्तनाला डॉक्टर स्वतः आले. "आता कसं आहे हो याचं?"

तुळसाबाई बोलायला गेली अन् थांबली. "त्यालेच विचारा ना जी!"

अनुपने टाळ उंच धरला. हसत हसत, अगदी गप्प धरला.

बंधुभगिनींनो, ही गोष्ट सांगून मला एवढंच म्हणायचंय: देवाने दुखणं सगळ्यांना सारखंच दिलं, तेव्हा विचारपूसही सारखीच व्हायला हवी. ज्याला शब्द सापडत नाहीत, त्याच्यापाशी जरा जास्त वेळ बसा. त्याचं अपंगत्व पाहून त्याचा आजार पाहायचा राहू देऊ नका.

तर त्या काल्याला महाराजांनी गजर उचलला, अन् आता कुठे अनुपचा टाळ वाजला. असा वाजला, की सारा मांडव उभा राहिला!