नवरीविना गाणं नाही

मित्रांनो, मी एक जुना कॅसेट टेपरेकॉर्डर आहे. माझं झाकण कधीच निखळलंय आणि टेप मागे घेताना मी कण्हतो. जन्म जपानच्या कारखान्यातला. आयुष्य गेलं अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसन गावात. लायब्ररीत नोकरी करणाऱ्या सुहासिनीबाईंनी मला भजनं ऐकायला घेतलं होतं. १९८३ साली त्यांची मैत्रीण ओल्गा मला मागून घेऊन गेली, ती कायमचीच.

ओल्गा रुसिन होती. रुसिन म्हणजे पूर्व युरोपातल्या कार्पेथियन डोंगरातले स्लाव्ह लोक. अमेरिकेत आले, आणि नातवंडांना बोली येईनाशी झाली. म्हणून ओल्गानं शनिवारची शाळा काढली नि म्हाताऱ्या माणसांकडून गाणी गोळा करायला घेतली. तिचं बोट सदा माझ्या पॉजच्या बटणावर. गाणं आलं की चालू, बोलणं आलं की बंद. "मुलांना शुद्ध गाणं हवं, गप्पा नकोत," असं ती म्हणे. मला काय, दाबलं की थांबायचं.

एक गाणं मात्र मिळेना. नवरीची वेणी सोडून तिच्या डोक्याला सवाष्णीचा रुमाल बांधतात, तेव्हाचं गाणं. ते फक्त ओल्गाच्या आत्याला, परास्काबाईंना, येत होतं. त्या फार आजारी होत्या. त्या गेल्या की गाणंही जाणार, हा ओल्गाच्या जिवाला घोर. पण बाई हटून बसल्या होत्या.

"नवरी कुठाय? रिकाम्या खुर्चीसमोर गाऊ?"

"मी बसते, मावशी," सुहासिनीबाई म्हणाल्या.

"तुझं झालंय की लग्न! बिनलग्नाची पोर आण."

मग सुहासिनीबाईंची सोळा वर्षांची कांचन आली. "आई, धिस इज सो एम्बॅरसिंग!" असं म्हणत बसली एकदाची. परास्काबाईंनी रुमाल बांधत सूर लावला. कांचन शहाण्यासारखी गप्प. गाणं तटकन थांबलं.

"अगं, फेक तो!" बाई मोडक्या इंग्रजीत ओरडल्या. "आईचं घर सोडायची एवढी घाई? दोनदा फेकायचा, तिसऱ्यांदा घ्यायचा!"

गाणं थांबताच ओल्गानं पॉज दाबलं होतं. टेप थांबली तरी मी काही बहिरा होत नाही. कांचननं रुमाल दोनदा भिरकावला, बाई खो खो हसल्या. तिसऱ्यांदा मात्र पोरगी आईकडे बघून खरंच रडली. ओल्गाला वाटलं, आत्या नुसती थट्टा करतेय. बाई पुन्हा गायला लागल्या की तेवढ्यापुरतं ती बटण सोडे, म्हणून माझ्या टेपवर उतरलं ते फक्त स्वच्छ गाणं.

त्या हिवाळ्यात परास्काबाई गेल्या.

दोन वर्षांनी ओल्गाच्या भाचीचं लग्न झालं. मीही होतो, टेबलावर. शाळेच्या मुली रांगेत उभ्या राहून माझ्या टेपवरून शिकलेलं तेच गाणं गायल्या, एक सूर चुकला नाही. नवरी पुतळ्यासारखी बसून. म्हाताऱ्या बायका ताटात बघत राहिल्या. तेवढ्यात मागून कांचन उठली.

"थ्रो इट! अगं, फेक ना!"

नवरीनं घाबरत डोक्यावरचा रुमाल फेकला. आणि म्हाताऱ्यांचे चेहरे उजळले! दुसऱ्या खेपेला त्या टाळ्या पिटत होत्या, तिसऱ्या खेपेला नवरीसकट सगळ्या रडत होत्या.

त्या रात्री ओल्गानं घरी जाऊन माझ्या सगळ्या टेपा लावल्या. आत्याचं ते ओरडणं, ते हसणं शोधत होती. मिळालं नाही. "मीच बंद केलं," म्हणून ती फार रडली. मलाही वाईट वाटलं. मी बाईंपासून हातभर अंतरावर तर होतो.

मित्रांनो, घरातलं म्हातारं माणूस बोलत असेल तर बोलू द्या. रागावू द्या, खोकू द्या, विषय सोडून भरकटू द्या. टेप संपली तर उलटी करून घाला, पण थांबवू नका.