तक्रार नाही

या, असे पुढे सरकून बसा. गोष्ट एका हवालदाराची आहे, लहानशीच; पण ऐकून उठाल तेव्हा मन हलकं झालेलं असेल, एवढं वचन माझं.

हवालदाराच्या बाईने आपली पावलं नवऱ्याच्या पावलांना भिडवली, दोन्ही हात त्याच्या काखेत घातले आणि त्याचं डोकं आपल्या खांद्यावर टेकवून घेतलं.

"एक. दोन."

तीन ती कधीच म्हणायची नाही. तीनच्या जागी देवाचं नाव घ्यायची. आकडा म्हणताना दम जातो, नाव घेताना दम येतो, असं तिचं म्हणणं. नाव घेतलं आणि पलंगावर बसलेला तो भला थोरला देह उभा राहिला. दोघं क्षणभर तसेच थांबले, एकमेकांना धरून.

"अहो, थोडे हलके व्हा की आता."

"काल आणखी एक वाढू का म्हणून कोण मागे लागलं होतं?"

"मी लागले. पण खायची सक्ती होती का?"

तो हसला आणि हसताना कंबरेत कळ आली म्हणून थांबला. तिने ते पाहिलं, पण विचारलं नाही. स्वतःच्या पाठीवरून मात्र हळूच हात फिरवला. डॉक्टरीणबाईंनी तिला बजावलं होतं, यापुढे पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही. तिने मान डोलावली होती. बादलीचं वचन तिने पाळलंही.

हवालदाराला पोलीस खात्यात सगळे 'खांब' म्हणत. एकतीस वर्षांतली बरीचशी त्याने चौकात उभं राहून काढली. चार वर्षांपूर्वी उतारावर लावलेला एक भरलेला ट्रक ब्रेक सुटून खाली निघाला. खाली बसच्या रांगेत माणसं उभी होती. खांबाने फूटपाथच्या कडेचा दगड उचलून चाकाखाली सारला. ट्रक थांबला, पण थांबण्याआधी चाक दगडावर चढलं आणि त्याने खांबाला भिंतीशी दाबलं. रांगेतल्या कुणाला खरचटलंही नाही.

खात्याने त्याला पदक दिलं, निवृत्तिवेतन दिलं. भांडण होतं ते एकाच गोष्टीचं. उठायला-बसायला दुसऱ्या माणसाची गरज असेल, तर त्या माणसासाठी वेगळा भत्ता मिळतो. खांबाच्या कागदावर त्या रकान्यात 'गरज नाही' असं लिहिलं होतं, आणि त्याला कारण खुद्द खांबच होता.

वैद्यकीय मंडळासमोर तो काठी टेकत गेला. मंडळावरचे मोठे डॉक्टर कागदातून मान वर न काढता म्हणाले, "काही तक्रार?" आणि खांबाच्या छातीतून, त्याने बोलावलेला नसताना, तो जुना आवाज बाहेर पडला.

"नाही, सर!"

दाराबाहेर बाकावर बसलेल्या बाईने तो आवाज ऐकला आणि कपाळाला हात लावला. आत कारकुनाने लिहून घेतलं : तक्रार नाही.

आज त्याचीच सुनावणी होती.

"काका," जिना चढताना त्यांच्या बाजूची वकील मुलगी तिसऱ्यांदा म्हणाली, "विचारतील ते खरं सांगायचं. लाजायचं नाही."

"सांगतो ना."

"काकू, सांगतील ना हे?"

"यांना ट्रक थांबवायला सांग, थांबवतील," बाई म्हणाली. "दुखतंय एवढं म्हणायला सांगू नकोस."

सुनावणीची खोली लहान होती. समोर अध्यक्षबाई, डावीकडे खात्याचे वकील, आणि पहिल्या रांगेत खात्याचे साक्षीदार म्हणून खांबाचे जुने साहेब. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, तरी पाठ अजून सरळ. खांबाला त्यांनी मान लववून ओळख दिली. खांबाचा हात कपाळाकडे निघाला. बाईने तो मनगटाशी धरून खाली घेतला.

खात्याच्या वकिलांनी खांबाला बसू देऊनच प्रश्न विचारले.

"मंडळासमोर तुम्ही स्वतः म्हणालात, तक्रार नाही?"

"म्हणालो."

"म्हणजे तेव्हा खोटं बोललात?"

"नाही, सर."

"मग खरं बोललात?"

"हो, सर."

मागे कुणीतरी हसलं. वकील मुलीने पेनाचं टोपण दातात धरलं.

अध्यक्षबाई मऊ आवाजात म्हणाल्या, "हवालदार, सकाळी पलंगावरून तुम्ही एकटे उठू शकता का?"

खांबाने बाईकडे पाहिलं. मग साहेबांच्या सरळ पाठीकडे पाहिलं.

"भागतं, मॅडम."

बाईने मांडीवरच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. भागत होतं हे खरंच होतं. कुणाच्या जिवावर, ते त्याने सांगितलं नव्हतं.

मग साहेब पिंजऱ्यात उभे राहिले. आवाज खणखणीत. खांबासारखा माणूस त्यांनी पाहिला नव्हता, असं म्हणाले. पदक देण्याच्या सोहळ्यात तो पाऊण तास ताठ उभा होता, हेही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याचं सांगितलं. बाईला तो दिवस आठवला. तिने स्वतःचा कंबरेचा पट्टा त्याच्या पट्ट्यावर आवळला होता, आणि त्यानंतर चार दिवस तो उताणा पडून छताशी बोलत होता.

वकील मुलगी उठली.

"साहेब, दर शुक्रवारी परेड व्हायची. शेवटी तुम्ही काय विचारायचात?"

"कुणाची काही तक्रार?"

"उत्तर काय यायचं?"

"नाही, सर."

"अशी किती वर्षं?"

"नऊ."

"नऊ वर्षांत एकाही शिपायाला कसलीच तक्रार नव्हती?"

साहेबांनी घसा साफ केला. "ती शिस्त असते, मुली. रांगेत उभं राहून कुणी रडगाणं गात नाही. तक्रार असेल त्याने माझ्या खोलीत यायचं. दार उघडं असायचं."

"किती जण आले?"

वर पंख्याचं एक पातं दर फेरीला खुट्ट वाजत होतं. साहेबांनी वजन एका पायावरून दुसऱ्यावर घेतलं, मग पुन्हा पहिल्यावर.

अध्यक्षबाईंचं लक्ष गेलं. "उभं राहायला त्रास होतोय का? खुर्ची देऊ?"

"नाही, नाही. ठीक आहे," साहेब ताडकन म्हणाले आणि छाती पुढे काढली.

या वेळी कुणी हसलं नाही. साहेबांचं स्वतःचंच वाक्य त्यांच्यासमोर उभं राहिल्यासारखं झालं. त्यांनी कठड्यावरच्या आपल्या हाताकडे पाहिलं. बोटांची पेरं पांढरी पडली होती. मग त्यांची नजर वर गेली, तर दुसऱ्या रांगेत खांबाची बायको जागेवरून अर्धी उठलेली होती. दोन्ही हात पुढे, तळवे वर. तिलाही कळलं नव्हतं ती कधी उठली. चार वर्षांत तिच्या हातांना एवढंच कळायला लागलं होतं, की माणूस आता पडणार.

साहेब तिच्या त्या हातांकडे बराच वेळ पाहत राहिले.

"द्या," ते म्हणाले. "खुर्ची द्या. गुडघा आहे. सहा वर्षं झाली. घरी कुणाला सांगितलेलं नाही."

शिपायाने खुर्ची आणली. साहेब कठड्याला धरून, ओठ आवळून बसले.

"पुढे विचारू?" वकील मुलगी हलकेच म्हणाली.

"मीच सांगतो. त्या सोहळ्यात हा उभा होता ते मी पाहिलं. हा खाली कसा बसला, ते पाहिलं नाही. मी आधी निघून गेलो होतो." ते अध्यक्षबाईंकडे वळले. "माझ्या माणसाला एक विचारायची परवानगी असावी."

खात्याचे वकील उठू लागले. अध्यक्षबाईंनी त्यांना हातानेच बसवलं.

"खांब."

खांबाने काठी पकडली आणि उठायला जोर लावला.

"बसून बोल रे. मीपण बसलोय." साहेबांच्या आवाजात परेड नव्हती. "काही तक्रार?"

खांबाचं तोंड उघडलं. तो जुना आवाज ओठांपर्यंत आला असावा, कारण छाती भरली. मग ती हळूहळू रिकामी झाली.

"आहे, सर."

"सांग."

"हिची कंबर, सर." त्याने बाईकडे पाहिलं नाही. "माझं काय, माझं चालतंय. पण रोज सकाळी ही मला उचलते, रात्री निजवते. मधे तीन-चारदा. उचलून उचलून हिची कंबर गेली. तोंड तिकडे करून कण्हते, म्हणजे मला कळू नये. मला कळतं. पण मी म्हणतो, भागतंय." तो थांबला. "तेवढीच तक्रार आहे."

बाईने पिशवी उघडून त्यात काहीतरी शोधायला सुरुवात केली. बराच वेळ शोधत होती.

"उगीच काहीतरी," ती पिशवीतच पुटपुटली. "चारचौघांत कंबर काढली माझी."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढून पुसला आणि कारकुनाला म्हणाल्या, "लिहून घ्या. तक्रार आहे."

निकाल महिन्याभरात आला. आता सकाळ-संध्याकाळ एक मदतनीस येतो; पूर्वी गोदामात पोती वाहायचा. पहिला आठवडाभर बाई दारात उभी राहून त्याला शिकवत होती : असं नाही, पाऊल भिडव, काखेतून धर, आणि तीन म्हणू नकोस. शेवटी खांब म्हणाला, "अगं, तू जा बघू." ती रुसून आत गेली, जराशी आडवी झाली, आणि उठली तेव्हा ऊन पायथ्यापासून उशीपर्यंत आलं होतं. चार वर्षांत पहिल्यांदा तिला कुणीतरी चहा आणून दिला. मदतनिसाने केलेला, फार गोड. दोघांनी तो नावं ठेवत ठेवत सगळा संपवला.

त्या दोघांचं छान चाललंय. त्यांची काळजी नको. पण साहेबांना जुन्या सहकाऱ्यांनी त्यानंतर चहाला बोलावणं बंद केलं. खात्याचा साक्षीदार खात्यालाच पाडून आला, असं म्हणतात. तेव्हा आज देवापुढे हात जोडाल, आपलं-आपल्या माणसांचं सगळं मागून होईल, तर शेवटी त्या साहेबांच्या गुडघ्याची आठवण ठेवा. ते स्वतः होऊन मागायचे नाहीत.