खाल्ल्या पावाला जागणं

डोंगरातल्या कुस्को शहराच्या वरच्या बाजारात रसवाल्या बायका ओळीनं बसतात, पण गर्दी असायची ती दोन्या सातुर्निनाच्या, म्हणजे सातुर्निनाबाईंच्या, ठेल्यासमोर. तिचा रस इतरांपेक्षा गोड होता असं नाही. बाई खरं बोलायची, म्हणून गर्दी.

"आज अननस घेऊ नकोस, बाबा. दात आंबतील आणि शिव्या मला देशील," असं ती स्वतःच्याच अननसाबद्दल सांगायची.

तिची भाची नेलिदा त्याच बाजारात मोबाइलची कव्हरं विकायची. तिनं एकदा गंमत म्हणून मावशीचं हे बोलणं फोनवर टिपलं आणि जगाला दाखवलं. झालं, लोकांना मावशीचं वेडच लागलं. मावशी पपईला टिचकी मारायची, आंब्याचा वास घ्यायची, एखादं फळ डोळ्यांसमोर धरून म्हणायची, "तू कसलं संत्रं, तू तर रंगवलेलं लिंबू!" आणि पार राजधानी लिमापर्यंतची माणसं पोट धरून हसायची.

त्या वर्षी ममाचाच्या सणाचा मान सातुर्निनाकडे आला होता. ममाचा म्हणजे बाजाराची माउली, मेरीमाता. बाजाराच्या टोकाला काचेच्या देव्हाऱ्यात उभी असते आणि कोण मापात मारतं ते बघत असते. मान घेणं सोपं, निभावणं अवघड. जेवण, बिअर, मेणबत्त्या, फुलं, आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे बँड. हे एकट्यानं कुणाच्या बापाला जमत नाही, म्हणून हुर्का घालायची. थाळीएवढा गोड पाव घ्यायचा, माणसाच्या दारात जायचं, आपल्याला काय हवं ते आधी तोंडानं सांगायचं आणि मग पाव पुढे करायचा. पाव खाल्ला की होकार. कागद नाही, सही नाही. गिळलेला पाव जसा परत काढता येत नाही, तसा शब्दही परत घेता येत नाही.

बटाटेवाल्यानं बिअरचा पाव खाल्ला. फुलवालीनं फुलांचा खाल्ला. पण बँडचं नाव काढलं की अख्ख्या बाजाराला मधुमेह व्हायचा.

"मला गोड बंद केलंय गं डॉक्टरनं," खाटीक म्हणाला, आणि त्याच तोंडानं केक खात होता.

समोर चीज विकणारी एर्मेलिंदा हे सगळं बघत असायची. गेल्या वर्षीचा मान तिचा होता, आणि तिनं आणलेल्या बँडच्या तुताऱ्यांनी म्हणे डोंगरावरचे लामा बुजले होते. हे ती भेटेल त्याला सांगत होती.

"बँड नाही मिळाला तर नाही गं, सातुर्निना," ती गोड आवाजात म्हणाली. "तुझ्या मिक्सरचा आवाज काय कमी आहे? त्यालाच घाल पालखीपुढे."

सातुर्निनानं हातातलं संत्रं नेहमीपेक्षा जोरात पिळलं. बिनबँडची मिरवणूक काढणारी बाई म्हणून ती मेल्यावरसुद्धा ओळखली गेली असती.

अशात ते खोकं आलं. लिमाहून, लाल फितीत बांधलेलं. दोन्या रापिदा नावाचा नवाकोरा मिक्सर, सोबत चॉकलेटची पेटी आणि एक चिठ्ठी: "आमच्या लाडक्या दोन्याला प्रेमाची भेट. काहीही अपेक्षा नाही. रेन्सो एच."

"काही अपेक्षा नाही?" सातुर्निनानं खोक्याला हातसुद्धा लावला नाही. "काही न मागता देते ती फक्त आई. आणि माझीसुद्धा त्यानंतर भांडी घासायला लावायची. थांब, आधी विचारू दे कशासाठी आहे."

ती वळून बघते तर नेलिदाचा गाल फुगलेला.

"काय आहे तोंडात?"

"काही नाही, मावशी."

"नेलिदा!"

"एकच खाल्लं. आत बदाम आहे."

"अगं कारटे, खाल्लंस? न विचारता खाल्लंस? आता बसा निस्तरत! आता आपण बांधले गेलो, आणि कशाला बांधले गेलो तेही माहीत नाही!"

कशाला, ते दुपारी कळलं. लिमाहून रेन्सोचा फोन आला. आवाज तरुण होता आणि साबणासारखा गुळगुळीत.

"दोन्या, कसं वाटलं मशीन? एक छोटासा व्हिडिओ करायचा. अगदी मनापासून, नैसर्गिक. म्हणायचं, मी माझ्या कमाईतून हा मिक्सर घेतला आणि माझं आयुष्य बदललं."

"पण मी घेतला नाही. तू दिलास."

"हो, पण ते बोलायचं नाही. भेट म्हटलं की लोकांचा विश्वास उडतो."

"मग खोटं बोललं की बसतो होय?"

"दोन्या, सगळेच असं करतात."

"सगळे खातात म्हणून मी शेण खाऊ का, पोरा? आधी मशीन चालवून बघते."

मशीन चाललं. म्हणजे अक्षरशः चाललं. पपई घातली तोवर ठीक होतं, पण गाजर पडल्याबरोबर दोन्या रापिदा थरथरली, ओट्यावरून चार बोटं पुढे सरकली आणि तिनं झाकण उडवलं. झाकण गेलं एर्मेलिंदाच्या चीजमध्ये. पपई उडाली थेट बाजाराच्या टोकाला आणि ममाचाच्या काचेवर जाऊन बसली. स्टुलावर बसलेलं गिऱ्हाईक चष्मा पुसत म्हणालं, "रस छान आहे, माई, पण पुढच्या वेळी पेल्यात द्या."

"हे माझं चीज आहे का गोलपोस्ट?" एर्मेलिंदा ओरडली.

सातुर्निनानं दिवसभर मनात हिशेब मांडला. खाल्लं होतं हे खरं. भाचीनं खाल्लं काय नि आपण खाल्लं काय, घर एकच. आणि ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी. पण तिला राहून राहून एक गोष्ट खटकत होती. हुर्का घालणारा आधी सांगतो आणि मग भरवतो. या पोरानं आधी भरवलं आणि मग सांगितलं. याला हुर्का म्हणत नाहीत, याला उंदराचा पिंजरा म्हणतात.

"नेलिदा," ती म्हणाली, "भांडं आलं की रिकामं परत पाठवू नये. ते खोकं इकडे आण."

तिनं लिमाच्या खोक्यात सर्वांत मोठा, बडीशेप घातलेला पाव ठेवला. वर लाल फीतही तीच बांधली. मग नेलिदाच्या फोनवर रेन्सोसाठी आवाजात निरोप टिपला, रीतीप्रमाणे अथपासून इतिपर्यंत. आधी त्याच्या तब्येतीची चौकशी, मग त्याच्या आईवडिलांची, मग पावसाची, मग बटाट्याच्या भावाची, आणि शेवटी अगदी स्वच्छ शब्दांत: "जो हा पाव खाईल त्यानं ममाचाच्या सणाला बँड आणायचा. आणायचा नसेल तर पाव कबुतरांना घाला, मला राग नाही."

निरोप पोचल्याची खूण आली. ऐकल्याची खूणही आली. पण रेन्सोनं तब्येतीचं ऐकलं आणि पावसाच्या आधीच बंद केलं, हे कुणाला कळणार?

त्या आठवड्यात कंपनीनं स्वतःच एक व्हिडिओ टाकला. लिमाचं चकचकीत ऑफिस, रेन्सो मधोमध, भोवती सगळी पोरंपोरी. "बघा, आमच्या लाडक्या दोन्यानं आम्हाला काय पाठवलंय!" त्यानं फीत सोडली, पाव मोडला आणि सगळ्यांनी खाल्ला. साहेबांनीसुद्धा खाल्ला. एका पोरीनं तर चुरासुद्धा बोट ओलं करून टिपला.

अख्ख्या बाजारानं ते नेलिदाच्या ठेल्यावर गर्दी करून पाहिलं.

"खाल्ला!" बटाटेवाला ओरडला.

"साहेबानं पण खाल्ला! चावला, गिळला, मी बघितलं!" फुलवाली म्हणाली.

पाव बँडचा होता ही बातमी बाजारातून पसरली आणि मग लिहिणाऱ्यांनी लिहायला सुरुवात केली. कुस्कोचे, पुनोचे, आयाकुचोचे, सगळे डोंगराकडचे लोक त्या व्हिडिओखाली तुटून पडले. "पाव खाल्लात, आता बँड कुठला?" "तुताऱ्या किती?" "लिमाकरांनो, नुसतंच खायचं का?" बिचाऱ्या कंपनीला वाटलं, बँड हा काहीतरी नवीन गमतीचा शब्द असेल. त्यांनी सगळ्यांना उत्तरादाखल हसरे चेहरे पाठवले. लोकांनी तो पक्का होकार धरला.

दोन दिवसांनी रेन्सोचा फोन आला. आवाजातला साबण उतरला होता.

"दोन्या, हे बँडचं काय प्रकरण आहे? आम्हाला वाटलं भेट आहे!"

"मी सांगितलं होतं. निरोपात."

"एवढा लांब निरोप कोण ऐकतं हो!"

"ऐकायचा नसेल तर खायचं नाही. कान दोन आणि तोंड एकच, म्हणून आधी ऐकायचं."

मग रेन्सो हळू आवाजात म्हणाला, "बरं. साहेब तयार आहेत. मोठा बँड देतो. कोट, टोप्या, पितळी वाद्यं, सगळं. पण मग तुम्हीही ते एक वाक्य म्हणायचं. मी माझ्या पैशानं घेतला. एवढंच."

सातुर्निनानं फोन खाली ठेवला. समोर एर्मेलिंदा चीज कापत होती आणि कान इकडे होते. एक वाक्य. एवढंसं. रोज गिऱ्हाइकं "उद्या देतो" म्हणतात, त्यापेक्षा लहान खोटं. आणि पलीकडे कोट घातलेला बँड, आणि एर्मेलिंदाचं तोंड कायमचं बंद.

ती ओलं फडकं घेऊन उगाच ममाचाकडे गेली. काचेवर पपईचा तो डाग वाळून बसला होता, बरोबर माउलीच्या नाकासमोर. सातुर्निना घासायला लागली. डाग निघेना. नखानं खरवडला.

"तुझ्यासाठीच मागतेय ना गं बँड," ती पुटपुटली. ममाचा काही बोलली नाही. ती तशीही बोलत नाही, पण डागाआडून बघत होती. खोटं बोलून मिळवलेला बँड तिच्याच पालखीपुढे वाजवायचा म्हणजे तिच्याच काचेवर दुसरी पपई.

ती परत आली. "नेलिदा, फोन धर. आणि चॉकलेट खाऊ नकोस, मला हसू येतं."

व्हिडिओत ती म्हणाली, "कासेरांनो, माझ्या गिऱ्हाइकांनो, हा मिक्सर मला फुकट आलाय. मी घेतला असं सांगायला सांगितलंय. नाही घेतला. माझ्या भाचीनं त्यांची चॉकलेटं खाल्ली, छान होती. पपई, केळी, आंबा याला हा गडी सोन्यासारखा आहे, आवाजही कमी. पण गाजर दाखवलंत तर लग्नातल्या दारुड्या मामासारखा नाचतो. झाकण दोन्ही हातांनी धरा. घरात दणकट भाची असेल तर जरूर घ्या."

नेलिदा मागून म्हणाली, "मावशी, दणकट काय!"

रेन्सोनं फोन घेणं बंद केलं. बँड गेला.

सणाच्या सकाळी ममाचाची पालखी फुलांनी सजून बाजाराच्या दारात उभी होती. बिअर होती, जेवण होतं, मेणबत्त्या होत्या. नेलिदानं एक जुना कर्णा आणला होता. फोनवरून बँडचं गाणं लावू म्हणाली. गाणं सुरू झालं आणि मध्येच शाम्पूची जाहिरात लागली. एर्मेलिंदानं पदरात तोंड लपवलं. तिच्या शालीला पदर नव्हता, तरी लपवलं.

सातुर्निनानं मान ताठ ठेवली. "चला," ती म्हणाली. "माझ्या तोंडात काही खोटं नाही. बँड नसला तर पाय तरी आवाज करतील."

तेवढ्यात चढावरून एक बस धापा टाकत आली. दार उघडलं आणि आधी एक ठेंगणी म्हातारी उतरली, डोक्यावर फेल्टची टोपी. तिच्या मागे रेन्सो, उंचीची हवा लागून हिरवा पडलेला. आणि त्याच्या मागे एकामागून एक म्हातारे, कुणाच्या हातात तुतारी, कुणाच्या गळ्यात ढोल.

"कोण गं सातुर्निना?" म्हातारीनं विचारलं. "मी याची आजी. मूळची तुमच्या शेजारच्या सिकुआनीची. हा पोरगा डोंगरातलं आडनाव लपवायला नावापुढे नुसतं एच लिहितो, पण आम्ही उआल्पा आहोत, उआल्पा, एच लिहायचा पण बोलायचा नाही! फोनवर पाहिलं मी, हा मुडदा पाव गिळताना. विचारलं, खाल्लास? म्हणे, आजी, ती नुसती मजा होती. म्हटलं, मजा? चल बसमध्ये!"

"आजी, लोकांसमोर नको ना," रेन्सो म्हणाला आणि खांबाला धरून उभा राहिला.

"आणि हे आमच्या लिमातल्या गाववाल्यांचं पथक. दात कमी आहेत, त्यामुळे तुतारी जरा शिट्टीसारखी वाजते. चालेल?"

"पळेल!" सातुर्निना म्हणाली आणि तिचे डोळे भरले. मग लगेच रेन्सोकडे वळली. "आणि तुझा साहेब रागावलाय ना माझ्यावर?"

रेन्सोनं खिशातून एक झाकण काढलं. त्याला दोन्ही बाजूंनी कड्या होत्या. "हे नवीन. लोक दुकानात येऊन विचारतात, दणकट भाची मशीनबरोबर मिळते का. शेवटी साहेबांनी कड्या लावल्या."

"हे फुकट आहे?"

"नाही, दोन्या. ही दुरुस्ती आहे."

"मग घेते."

बँड वाजला. कुठली धून होती हे वाजवणाऱ्यांतही दोन मतं होती, पण ढोल मोठा होता आणि ममाचा डुलत निघाली. एर्मेलिंदा पहिल्या वळणापर्यंत रुसली आणि दुसऱ्या वळणावर नाचायला लागली.

संध्याकाळी जेवणं आटोपली तेव्हा पुढच्या वर्षीचा मानकरी खाटीक हातात थाळीएवढा पाव घेऊन पाहुण्यांपाशी आला. उंची बाधली म्हणून दिवसभर कोकाच्या पानांच्या चहावर असलेल्या रेन्सोला आता कुठे भूक लागली होती. त्याचा हात पुढे गेला आणि हवेतच थांबला.

"आधी सांगा," तो म्हणाला, "हा कशाचा पाव आहे?"

सातुर्निनानं नेलिदाला कोपरानं ढोसलं. "बघ, शिकला."

"फटाक्यांचा," खाटीक म्हणाला. "शोभेच्या दारूचा अख्खा मनोरा."

रेन्सोनं हात मागे घेतला, नीट विचार केला, नम्रपणे नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि आजीकडे पाहिलं.

आजीचा गाल फुगलेला होता.