सांडपाण्याचा रहाट

नवऱ्याला डोकं आहे हे सगुणाबाईला लग्नापासून ठाऊक होतं. ते एकदा घरच्या कामाला लागावं, एवढीच तिची मागणी होती. अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात ते लागलं, पण गळ्याशी आलं तेव्हा.

पासली गावात त्यांचं घर कातळावर. शोषखड्डा खणायला गेलं की पहार ठणकन उडायची. त्यामुळं न्हाणीचं नि भांड्यांचं पाणी उतारानं थेट धाकट्या दिराच्या, सोनबाच्या, अंगणात जायचं. तीन वर्षं दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं. आता सोनबानं निरोप धाडला, की पाडव्यापर्यंत पाणी थांबलं नाही तर मोरीचं तोंड सिमेंटनं बुजवीन. खरं सांगायचं तर त्याचंही काही चुकत नव्हतं.

सगुणाबाईचा नवरा कोंडिबा भोरच्या एसटी डेपोतून नुकताच रिटायर झालेला फिटर. पाणी जिरत नाही तर वाळवू, म्हणाला. भंगारातून बेअरिंगं, लोखंडी दांडा नि पत्र्याचं पिंप आणलं. पिंप उभं चिरून त्याची अर्धुकं दांड्याच्या एका टोकाला बसवली, दुसऱ्या टोकाला गोणपाट ताणलेली बांबूची सहा चाकं. चाकांखाली सिमेंटची डोणी, मोरीचं सगळं पाणी तिच्यात. खिंडीतला वारा पत्र्याला रेटायचा, दांडा फिरायचा, गोणपाट खाली भिजायचं नि वर येऊन वाळायचं. सारं गाव बघायला लोटलं. सगुणाबाईनं त्या दिवशी पाण्याला जाताना मुद्दाम लांबची वाट धरली, म्हणजे चार जणी विचारतील.

पाचव्या दिवशी रहाट अडला. गोणपाट कडक होऊन डोणीच्या काठाला अडकलं, पाणी पिईना, आणि डोणी भरून पुन्हा सोनबाच्या अंगणात वाहिली. कोंडिबानं बेअरिंगं तीनदा सोडली, तीनदा ग्रीस भरलं. फिटरला दोष लोखंडातच दिसणार. पाडवा चार दिवसांवर आला होता. तो न जेवता डोणीपाशी बसून राहिला तेव्हा सगुणाबाई त्याच्याजवळ गेली.

तिनं गोणपाट चिमटीत धरून पाहिलं आणि तिला हसूच आलं. नवऱ्याच्या टोपीला असला कडकपणा ती दर आठवड्याला स्वतःच्या हातानं आणत होती. भाताची पेज! घरी म्हैस होती तोवर पेज तिच्या आंबोणात जायची. गेल्या साली म्हैस विकली, तेव्हापासून पेज मोरीत जात होती.

"तुमच्या यंत्रात खोट न्हाई," ती म्हणाली. "म्याच रोज त्येला खळ घालतीया."

गोणपाट गरम पाण्यानं धुऊन काढलं, रहाट फिरला. पण रोजची पेज कुठं टाकायची? जवळपास म्हैस होती ती सोनबाच्याच गोठ्यात. सगुणाबाईनं पेजेचं पातेलं उचललं आणि मान खाली न घालता तिकडं नेऊन ठेवलं. जाऊ अंबूबाईनं ते म्हशीपुढं रिकामं केलं. पातेलं घासून परत आलं.

इकडं कोंडिबा भेटेल त्याला सांगत सुटला, की आपल्याला जे उमगलं नाही ते बायकोनं दोन बोटांत ओळखलं.

पाडव्याला सोनबाचं अंगण कोरडं ठणठणीत होतं. नसरापूरहून त्याचे पाव्हणे आले होते. त्यांना घेऊन तो बांधापर्यंत आला आणि फिरत्या रहाटाकडं हात करून मोठ्यानं म्हणाला, "आमच्या दादानं बनिवलंय. आन् अडल्यावर वैनीनं चालू केलंय."

कोंडिबानं टोपी काढून तीच डोळ्यांना लावली. सगुणाबाईला तेवढी सवड नव्हती. बांधापलीकडच्या सात माणसांचा चहा तिला आपल्या चुलीवर ठेवायचा होता.