कुंपणाबाहेरची गित्ल

१९२६ सालातली गोष्ट. गुरुवारची सकाळ होती. अर्जेंटिनातल्या पाराना नदीकाठच्या एका बंदरगावात ब्रांदल स्वयंपाकघरात शब्बाथसाठी, ज्यूंच्या शनिवारच्या पवित्र दिवसासाठी, मासे साफ करत होती, तोच मागच्या दाराची कडी वाजली. दारात रुख्ल. धक्क्यामागच्या ‘त्या’ घरातली.

लग्नाच्या थापा मारून पोलंडहून पोरी आणायच्या आणि इथं विकायच्या, हा धंदा करणारे आपलेच ज्यू होते, आणि त्याच पोरींचा विटाळ मानणारेही आपलेच. ब्रांदलही मानायची. बाजारात त्यांतली कुणी जवळ आली, की ती झगा आवरून घ्यायची.

“तिथूनच बोल.”

“तिथूनच बोलते, मावशी. आमची गित्ल गेली पहाटे, छातीच्या रोगानं. दफन समितीनं तोंडावर दार लावलं. बाटलेलीला जागा नाही म्हणाले. संध्याकाळी नगरपालिकेची गाडी येऊन तिला खड्ड्यात लोटील.”

“मग मी काय करू?”

“गेलेल्या बायकांना स्नान तुम्हीच घालता ना? शेवटपर्यंत एकच धोशा होता तिचा, मला कुणीतरी धुवा गं.”

ब्रांदलनं हात पुसले. अठरा वर्षांत या विनवणीला तिनं कधी नाही म्हटलं नव्हतं. नाकाला रुमाल लावून ती त्या घरात शिरली. लोखंडी खाटेवर वीस वर्षांची पोर पडली होती. पाणी ओतता ओतता ब्रांदलचा हात थांबला. मांडीवर चिरुटाचे चटके, ओळीनं. मनगटावर दोरीचे वळ. तिनं नाकावरचा रुमाल काढून टाकला आणि उरलेलं अंग तसंच धुतलं. आवरलेला झगा आठवून तिला स्वतःचीच शिसारी आली. मग तिनं गित्लला पांढरं कफन चढवलं. श्रीमंतांना असतं तेच, बिनखिशाचं.

हातगाडीवर तिला घालून दोघी निघाल्या. दफनभूमीच्या फाटकात समितीचे अध्यक्ष नाफ्तालीशेठ किल्ल्या घेऊन उभे होते. मोठे फर्निचरवाले.

“ब्रांदल, वेड लागलं का तुला? ही घाण इथं आणतेस? आमच्या आया झोपल्यात आत!”

“शेठ, माझे वडील मुलांना शास्त्र शिकवायचे. महायाजक म्हणजे सगळ्यांत सोवळा पुजारी, त्याला सख्ख्या बापाच्या प्रेतालाही शिवायची बंदी. पण वाटेत बेवारस प्रेत दिसलं, तर त्यानंच ते आपल्या हातानं पुरायचं. ते प्रेत कुणाचं, कसल्या चालीचं, हे विचारायला शास्त्रानं सांगितलेलं नाही. तुम्ही महायाजकापेक्षा सोवळे का?”

“बायकांनी मला शास्त्र शिकवू नये.”

“बरं, मग बाजाराचं बोलू. त्या घरातल्या आठही खाटांवर तुमच्या दुकानाचा शिक्का आहे. खाटा पोचवताना विटाळ झाला नाही?”

शेठचा चेहरा उतरला. ब्रांदलचा निरोप मिळून मागून गावातल्या स्नान घालणाऱ्या बाकीच्या चौघी आल्या होत्या. त्यांतली म्हातारी त्सिपे पुढं झाली. “ही आत गेली नाही, तर तुमच्या घरच्या बायकांना तुम्हीच धुवा. आमचे हात नाहीत.”

“बघून घेईन एकेकीला,” शेठ पुटपुटले, पण कुलूप त्यांनी काढलं. जागा दिली ती कुंपणाच्या भिंतीला लागून, कचऱ्याच्या ढिगाशेजारी. माती बायकांनीच लोटली. प्रार्थना म्हणायला लागणारे दहा पुरुष जमले नाहीत. न आलेल्यांतले निम्मे तरी गित्लला चांगलं ओळखत होते.

परतताना ब्रांदलनं रुख्लचा हात धरला. रुख्लनं तो सोडवून घेतला.

“उपकार झाले, मावशी. मेल्यावर आलात. ती चार वर्षं ओरडत होती, तेव्हा रस्त्यावरून रोज जात होतात ना?”

ब्रांदल रस्त्यातच थांबली.

“त्या घरात अजून किती जणी आहेत?”

“मला धरून सात.”

“न्यायाधीशासमोर बोलशील?”

“मारून टाकतील मला.”

“माझ्या घरी राहा. आज रात्रीपासून. पुढच्या दारानं ये.”

मग दोघी वळल्या आणि भर रस्त्यातून न्यायाधीशाच्या कचेरीकडे चालू लागल्या. दुकानादुकानांतून लोक बाहेर येऊन बघत होते. कुणी थुंकलं. ब्रांदलनं मान वळवून त्याचं तोंड नीट पाहून ठेवलं.