सलीलनं सांगितलेला पंप

आधीच सांगून टाकते, मी माझ्या भावावर जळते. वय बेचाळीस, शाळेत पोरांना भूमिती शिकवते, आणि तरी जळते. लोक म्हणतात, बहिणीची माया वेगळी असते. असेल. माया आहेच, पण जळणंही आहे, आणि दोन्ही एकाच घरात सुखानं राहतात.

सलील माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. पुण्याला असतो. काय काम करतो ते बाबांना सांगता येत नाही, पण त्याचं कौतुक मात्र अर्धा तास सांगता येतं. बाबांच्या फोनमध्ये त्याच्यासाठी वेगळी रिंग आहे, बासरीची. ती वाजली की बाबा हातातला घास ताटात ठेवतात. माझ्यासाठी रिंग नाही, कारण मी घरातच असते.

आमच्या घराची एक रीत आहे. काहीही ठरवायचं असलं की बाबा म्हणतात, "सलीलले फोन लाव." फ्रिज कोणता घ्यायचा, सलीलले फोन लाव. आईच्या गुडघ्याला कोणतं तेल, सलीलले फोन लाव. माझ्या खोलीच्या खिडकीवर कडुनिंबाची फांदी आली होती, तर तिचा फोटो पुण्याला गेला आणि तिकडून मंजुरी आल्यावर फांदी तुटली. बाबा पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते. वरच्या सहीशिवाय कागद पुढे सरकवायचा नाही हे त्यांच्या हाडात मुरलंय. निवृत्त झाल्यावर त्यांनी वरचा साहेब घरातच नेमला, एवढंच. नेमताना माझा अर्ज त्यांनी वाचलासुद्धा नाही.

गाडी बाबांची. डिझेलची, पांढरी. रंग सलीलनं निवडला होता. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून, म्हणजे सात वर्षं, ती मीच चालवते. यवतमाळहून बोरी अरबला शाळेत आणि परत, रोज. तिचा कोणता आवाज कधीपासून येतो, थंडीत ती किती वेळ कुरकुरते, हे मला माहीत आहे. दोन महिन्यांपासून तिला कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, कमी पडत होतं. मी दर रविवारी वरून भरत होते, आणि पोर्चच्या फरशीवर सकाळी गुलाबी थेंब दिसत होते.

"बाबा, गाडी कूलंट पिऊन राह्यली," मी त्यांना दाखवलं.

"एसीचं पाणी असंन ते."

"एसीचं पाणी गुलाबी नसते, बाबा."

"तुले सगळ्यातच शंका," असं म्हणून ते पेपर वाचायला गेले.

मला काय हवं होतं ते सांगते, म्हणजे पुढचं समजेल. एकदा, फक्त एकदा, बाबांनी एखादी गोष्ट माझ्या शब्दावर करावी. पुण्याला न विचारता.

सप्टेंबरात गाडीचा टायमिंग बेल्ट बदलायची वेळ आली. दारव्हा रोडवर धर्मपालचं गॅरेज आहे, आमची गाडी पहिल्यापासून तिथंच जाते. धर्मपाल फार बोलत नाही. खोलतो आणि दाखवतो. शनिवारी सकाळची शाळा करून मी गेले तेव्हा त्यानं पुढची बाजू पूर्ण उघडून ठेवली होती.

"इकडं या मॅडम. हात लावून पाहा."

जुना बेल्ट काढून बाजूला टांगला होता. हा दातेरी रबरी पट्टा इंजिनाचा वरचा आणि खालचा भाग एका तालात फिरवतो. तो तुटला तर आतले भाग एकमेकांवर आपटतात आणि इंजिन भंगारात जातं. तोच पट्टा कूलंट खेळवणारा पाण्याचा पंपही फिरवतो. पंपाच्या चाकाला मी बोट लावलं. चाक डुगडुगलं, हलणाऱ्या दातासारखं. खाली गुलाबी ओघळ वाळून बसला होता. माझे थेंब! मला इतका आनंद झाला की गाडी बिघडलीय हे विसरायला झालं.

"बेल्ट नवा टाकला अन् पंप हाच ठेवला," धर्मपाल म्हणाला, "तर ज्या दिवशी हा जाम होईन, त्या दिवशी नवा बेल्टबी जाईन. अन् इंजिन त्याच्यासंगं. पंप बदलवाचा तर आत्ताच, नाहीतर मंग हे सगळं परत खोला."

"अजून काय पाहायचं?"

त्यानं बेल्ट ताणून धरणारी पुली हातात दिली. मी ती कानाजवळ नेऊन फिरवली, आत खरखर होत होती. ती बदलायची. मग त्यानं तेल अडवणारं वरचं ऑइल सील दाखवलं. "बहुतेक लोक हेबी बदलवतात."

मी बोट फिरवून पाहिलं. कोरडं ठणठणीत होतं. "हे कायले? तेलाचा टिपूससुद्धा नाही."

धर्मपाल पहिल्यांदा हसला. "राहू द्या मंग. नजर चांगली हाय मॅडम तुमची."

नजर चांगली आहे! सात वर्षांत मला हे कोणी म्हणालं नव्हतं. पण लगेच तो म्हणाला, "साहेबांना फोन करून घ्या. मागं तुम्ही ब्रेकचं काम सांगितलं, तर साहेब मलेच रागावलते, न विचारता कायले केलं म्हणून. अन् जरा लवकर. पार्टवाला आज चारले दुकान बंद करते."

मी बाबांना फोन लावला. पंप डुगडुगतो, ओघळ आहे, पुली खरखरते, सगळं नीट सांगितलं. बाबांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "सलीलले विचारतो."

सलील मीटिंगमध्ये होता. आम्ही थांबलो. मी, धर्मपाल आणि पोट उघडलेली गाडी. सव्वातीनला बाबांचा फोन आला, त्यांनी सलीललाही जोडून घेतलं होतं.

"ताई, हे लोक असंच सांगतात," सलील म्हणाला. तो आता 'मला-तुला' बोलतो, मले-तुले पुण्याच्या वाटेत कुठंतरी उतरलं. "बेल्टची वेळ झालीय ना, फक्त बेल्ट बदल. पंप चालतोय तोवर कशाला हात लावायचा? मी वाचलंय त्यावर."

"मी हात लावून पाहिलंय त्याले. चाक हलून राह्यलं."

"थोडंफार हलतंच गं."

"झालं मंग," बाबा म्हणाले. "फक्त बेल्ट. सलीलनं सांगतलं ना."

"बाबा, दोन महिन्यांपासून मी कूलंट भरून राह्यली—"

"तुले त्यातलं काय समजते, प्राची? त्यानं वाचलं आहे."

फोन बंद झाला. मी गॅरेजबाहेरच्या बाकड्यावर जाऊन बसले. अंग तापलं होतं. आणि तेव्हा मी जे ठरवलं, ते लिहायला लाज वाटते, पण ठरवलं होतं. होऊन जाऊ दे. फक्त बेल्टच टाकू. एक दिवस लाडखेडच्या पुढं गाडी बंद पडेल, इंजिन जाईल, टेम्पोला बांधून गाडी दारात येईल, आणि बाबा बघतील की सलीलच्या शब्दावर काय झालं. मी काहीच बोलणार नाही. नुसती उभी राहीन. ते उभं राहणं मी डोळ्यांपुढं आणलं, आणि मला फार बरं वाटलं. साडीसुद्धा ठरवली.

मग लक्षात आलं की त्या दिवशी गाडीत मी असणार. आणि गुरुवार असला तर मागच्या सीटवर आई, दारव्ह्याच्या मावशीकडं निघालेली. मागून सोयाबीनचा भरलेला ट्रक येत असेल आणि आमची गाडी रस्त्याच्या मधोमध बंद. मत्सर इथवर आला होता. माझी मलाच भीती वाटली.

पावणेचारला मी बाबांना परत फोन केला.

"बाबा, सलीलले मी पंपाचा फोटो पाठवला होता. तो म्हणते, पंप अन् पुली दोन्ही बदलवा. सील राहू द्या, ते चांगलं आहे म्हणते."

"असं म्हणते?" बाबांचा आवाज उजळला. "मंग बदलव ना! वेळ कायले घालवून राह्यली?"

इतकं सोपं होतं. तीच माहिती, तीच गाडी, तेच तोंड. फक्त नाव बदललं.

धर्मपालनं काम सुरेख केलं. मी निघताना त्यानं रिवाजाप्रमाणे जुने पार्ट पिशवीत घालून दिले. गिऱ्हाइकानं ते घरी नेऊन पाहावेत, बदललं म्हणजे खरंच बदललं ही खात्री व्हावी, म्हणून. बाबांनी पोर्चमध्येच पिशवी उघडली. पंप हातात घेतला, चाक हलवून पाहिलं, वाळलेला ओघळ नखानं खरवडला.

"पाह्य शोभा," ते आईला म्हणाले, "पुण्यात बसून ओळखलं पोरानं. फोटोवरून!"

आईनं माझ्याकडं पाहिलं आणि पोहे परतायला आत गेली. तिला काय समजलं असेल ते तिचं तिला माहीत.

रात्री बासरी वाजली. मी भाजी निवडत होते, हात थांबला. आता फुटणार सगळं.

"सलील, तू म्हणला म्हणून पंप बदलवला बरं का. चांगलं झालं. पार गेलता तो."

मग तो म्हणाला, "हो... हो बाबा. बरं केलं." आणि पुढं हवापाण्याचं बोलू लागला. एवढंच. मी कधी म्हणालो, असं विचारलंसुद्धा नाही. मी पकडले गेले नाही, म्हणजे मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मला ती मेथीची जुडी फोनवर फेकून मारावीशी वाटली.

पंप भंगारात गेला नाही. बाबांनी तो रॉकेलनं स्वच्छ केला आणि बैठकीतल्या शोकेसमध्ये ठेवला, सलीलच्या दहावीच्या कपाशेजारी. येणाऱ्याजाणाऱ्याला काढून दाखवायचे. बँकेतले जोशीकाका, गॅसवाला, आईच्या भिशीच्या बायका, सगळ्यांनी तो हातात घेऊन हलवून पाहिला. चहा मीच आणून द्यायची. दर वेळी गोष्ट थोडी वाढायची. शेवटी शेवटी तर सलीलनं फोनवरून नुसता आवाज ऐकून पंप ओळखला होता. गाडी मात्र झकास चालत होती. फरशी कोरडी होती. रोज सकाळी मी ती कोरडी फरशी पाहायची आणि जळायची.

दिवाळीला सलील आला. माझ्यासाठी चांगली साडी आणली होती. तो वाईट नाही, हेच तर अवघड आहे. फराळाला बसलो तेव्हा त्याचं लक्ष शोकेसकडं गेलं. उठला, काच सरकवली, पंप बाहेर काढला. उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला.

"बाबा, हे काय आहे?"

चकली माझ्या दातात तशीच राहिली. आईनं चमचा खाली ठेवला. आता बोला बाबा, मी मनात म्हणाले. आता बोलाच.

बाबा क्षणभर गोंधळले. मग मोठ्यानं हसले. "पाह्य! किती कामं असतात याच्या डोक्याले. सोताच सांगते अन् सोताच विसरते."

सलीलही हसला. कशाला हसतो ते न समजता, पण हसला.

मग माझ्यानं राहवलं नाही.

"त्यानं नाही सांगतलं, बाबा. मी सांगतलं. सलील तर नाही म्हणत होता, तुम्ही ऐकलं फोनवर. फोटो मी पाठवलाच नाही. मी खोटं बोलली. पंप गेला आहे हे मी ओळखलं. पुली मी ओळखली. सील ठेवायचं मी ठरवलं."

सलीलनं मान खाली घातली. "ताई म्हणते ते खरं आहे, बाबा," तो हळूच म्हणाला. "मला यातलं काहीच माहीत नाही."

बाबांनी पंप त्याच्या हातातून घेतला. चाक फिरवलं, परत फिरवलं. बराच वेळ पाहत राहिले. एवढ्या वर्षांत ते माझ्या एखाद्या गोष्टीवर असा विचार करताना मी पहिल्यांदाच पाहत होते. मग त्यांनी मान वर केली. चेहऱ्यावर राग नव्हता. उलट आपुलकीच होती, आणि खरंखुरं कुतूहल.

"असं?" ते म्हणाले. "मंग तुले कोनं सांगतलं होतं?"